गार्डसाहेबांचा फुलबॅक

फुटबॉलची मॅच बघायला येऊन बॉलकडे अजिबात न बघणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, आणि आमचं नशीब असं थोर की तोच आमच्या टीमचा सिलेक्टर होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा दौंडच्या इंजिन शेडमध्ये कारकून होतो, आणि गुडघा कुरकुरत असला तरी टीमचा कॅप्टनही होतो. इंजिनं अजून कोळशावर चालायची. सकाळी घातलेला पांढरा सदरा दुपारपर्यंत करडा व्हायचा, आणि यार्डाच्या कडेच्या ग्राऊंडवर आम्ही दर रविवारी अगदी नेमाने हरायचो. हरण्याच्या बाबतीत आमच्याइतकी शिस्तीची टीम त्या लाईनवर दुसरी नव्हती.

त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. नोकरीच मालगाडीच्या गार्डाची. उभा जन्म शेवटच्या डब्यात बसून गाडीची पाठ बघण्यात गेलेला, त्यामुळे जगात कशाला तोंडही असतं हे त्यांना पटेनासं झालं होतं. "तोंड काय, कुणीबी धुऊन येतंय," ते म्हणायचे. "पाठ कुणाला सजवता येत न्हाई. मानूस बघायचा तर मागून बघावा." हे ऐकून समोरचा माणूस उगाच पाठ चाचपायचा. मीही चाचपली आहे.

मॅचला ते आपली घडीची खुर्ची घेऊन यायचे, ती बरोबर आमच्या गोलच्या मागे मांडायचे, हिरवी आणि लाल झेंडी काखेत धरून बसायचे आणि शिट्टी झाली की एक खेळाडू निवडायचे. मग शेवटपर्यंत फक्त त्याच्याकडे बघायचे. बॉल कुठं आहे, गोल झाला का, रेफरी कुणावर ओरडतोय, कशाशी काही देणंघेणं नाही. मॅच संपली की झेंड्या गुंडाळत विचारायचे, "किती झालं?"

"चार-शून्य, गार्डसाहेब."

"कुणाचं?"

आता यावर माणसाने काय बोलावं? आमच्या गोलच्या मागे बसलेला माणूस, चार वेळा बॉल जाळ्यात येऊन त्याच्या नाकासमोर थांबलेला, आणि विचारतोय कुणाचं!

हा त्यांचा पाठीचा नाद ग्राऊंडपुरता असता तरी चाललं असतं. थोरल्या मुलीसाठी कुर्डुवाडीकडचा एक मुलगा बघायला बोलावला होता. मुलगा नोकरीचा, सालस, पोहे खाल्ले, चहा झाला. गार्डसाहेबांनी त्याला ना शिक्षण विचारलं ना पगार. म्हणाले, "जरा फाटकापर्यंत जाऊन या." पोरगा उठला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, नापसंत केलं आणि ही हाकलायची दौंडकडची रीत असेल. तो फाटकापर्यंत गेला, फाटक उघडलं आणि तसाच स्टेशनकडे चालू लागला. गार्डसाहेब ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई. पोरगा पसंत!" मग आम्ही दोघं-तिघं सायकली मारत प्लॅटफॉर्मवर गेलो आणि पसंत पडलेला जावई सोलापूर पॅसेंजरमधून खाली उतरवला. लग्न झालं. वरातीत गार्डसाहेब सगळ्यात मागे कंदील घेऊन चालत होते आणि पुढे व्याही गावभर विचारत होते, मुलीचे वडील गेले कुठं.

असा माणूस सिलेक्टर का होता, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारलाय. कमिटी तिघांची. गार्डसाहेब, शेडचे फोरमन आणि मी. फोरमनसाहेब गोव्याकडचे, तरुणपणी चांगले खेळलेले, आणि मराठी-हिंदीची त्यांची स्वतःची एक भाषा होती. फुटबॉलमधलं आम्हा दोघांना कळायचं आणि निर्णय मात्र तिसऱ्याचा व्हायचा, कारण तिसरा दमत नसे. आम्हाला बायकापोरं होती, ड्यूटी होती, झोप होती. गार्डसाहेब मालगाडी साईडिंगला घालून रात्ररात्र सिग्नलची वाट बघितलेला माणूस. वाद घालताना त्यांना घाई कसली?

तर त्या वर्षी वरून फर्मान आलं, की खेळाडू म्हणून एक जागा भरायची आहे, कॉलेजात खेळणारा एखादा चांगला पोरगा बघा. जागा खलाशाची, म्हणजे शेडमध्ये पडेल ते काम करायचं, पण सरकारी आणि कायमची. ही बातमी फुटताच दौंडमधल्या प्रत्येक माणसाचा भाचा फुटबॉल खेळतो असं निष्पन्न झालं. एकाचा भाचा तर पोलिओने लंगडत होता. पण मामा म्हणाले, जिद्दी आहे.

शेवटी ठरलं, शिरूरच्या कॉलेजची पुण्याच्या एका टीमशी मॅच आहे, ती बघायची. आम्ही तिघं एसटीने निघालो. गार्डसाहेब अर्थात शेवटच्या सीटवर. चौफुल्याला गाडी बदलली, तिथंही शेवटच्या सीटवर. न्हावऱ्याच्या त्या रस्त्याने मागच्या सीटवरचा माणूस बसून कमी आणि उडूनच जास्त प्रवास करतो. फोरमनसाहेब म्हणाले, "गार्डसाब, आगे आव ना, जागा है." ते वरून खाली येताना म्हणाले, "न्हाई, हितून सगळी गाडी दिसती."

शिरूरला घोड नदीच्या अंगाला ते ग्राऊंड. गवत म्हणाल तर कुसळं, आणि ग्राऊंडच्या मधून जायची पायवाट. मॅच चालू असताना एक बाई डोक्यावर भारा घेऊन शांतपणे त्या वाटेने गेली आणि दोन्ही टीम थांबल्या. पण त्या पोरांत एक सेंटर फॉरवर्ड होता, त्याला बघून फोरमनसाहेबांनी माझा दंड जो धरला तो सोडलाच नाही. पोरगा खरंच देखणा खेळायचा. बॉल पायाला चिकटलेला. बागायतदाराच्या घरचा, मोटारसायकलवरून आलेला, आणि गोल मारला की दोन्ही हात पसरून मित्रांपुढून एक चक्कर मारायचा. तीन गोल मारले, तीन चकरा झाल्या. शिरूर जिंकलं. फोरमनसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

गार्डसाहेब उठले. "किती झालं?"

"तीन-एक. शिरूर जिंकलं."

"व्हय? बरं झालं. आपला मानूस सापडला."

आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, चला, देव आहे. आणि गार्डसाहेब सेंटर फॉरवर्डला ओलांडून, त्याच्या मित्रांच्या घोळक्यातून वाट काढून, उजव्या कोपऱ्यातल्या फुलबॅकसमोर, एका काडीपैलवान पोरासमोर जाऊन उभे राहिले. अंगात दुसऱ्याची जर्सी, ती गुडघ्यापर्यंत आलेली. कॅनव्हासच्या बुटाला नाडीच्या जागी सुतळी. अख्ख्या मॅचमध्ये त्याचा बॉलला पाय लागल्याचं मला आठवत नव्हतं.

"नोकरी करनार का दौंडला?" गार्डसाहेबांनी विचारलं.

पोरगं गांगरलं. "साहेब, मी... म्हंजी मी खेळत नाय तसा, मी आपला..."

गार्डसाहेब आमच्याकडे वळले. "बघा. विनय बघा."

आता खरा वाद सुरू झाला. तो स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर इतके दिवस चालला की टपरीवाल्याने आमच्यासाठी वेगळं बाकडं करून घेतलं. फोरमनसाहेब रोज त्याच वाक्याने सुरुवात करायचे. "गार्डसाब, तीन गोल मारे उसने! तीन!"

"मारले असतील. मी कुठं न्हाई म्हनतो? पर गोल मारल्यावर त्यानं केलं काय?"

"नाचला," मी म्हणालो. "पोरं नाचतात."

"मंग? जवा तो नाचत हुता, तवा मागं कोन हुतं?"

"अहो, गोल झाल्यावर मागं कशाला कोण पाहिजे?"

"हितंच चुकता तुम्ही भाऊसाहेब." मला सगळे भाऊसाहेब म्हणत, पण गार्डसाहेबांच्या तोंडून ते ऐकलं की शाळेत छडी खायला हात पुढे केल्यासारखं वाटायचं. "आन् ह्या पोरानं शेवटपतोर जागा सोडली न्हाई. येवढा बॉल समोरून गेला, हलला का? न्हाई. दुसरा असता तर बॉलमागं कुत्र्यावानी पळाला असता."

"वो डर गया था!" फोरमनसाहेबांनी कप आपटला.

"भ्यालेला मानूस पळून जातोय. हा गेला का? उभा हुता."

बरं, हा वाद आमच्यातच राहिला असता तर निभावलं असतं. पण दौंड ते! दोन दिवसांत सगळं गाव बोलायला लागलं. ज्यांना फुटबॉल आणि लाल भोपळा शेजारी ठेवले तर फरक सांगता आला नसता असे लोक मला रस्त्यात थांबवून सेंटर फॉरवर्डचं महत्त्व सांगू लागले. न्हाव्याच्या दुकानात माझी अर्धी दाढी ठेवून गिऱ्हाइकांची दोन गटांत मारामारी व्हायची वेळ आली. टपरीवाला गार्डसाहेबांच्या बाजूने होता, कारण वाद लांबला की चहा खपायचा.

वाद मिटला तोही असाच, आमच्यापैकी कुणाच्या अकलेने नव्हे. एके दिवशी शेडसमोर जीप थांबली आणि त्या सेंटर फॉरवर्डचे चुलते उतरले. पांढरे कपडे, मागे दोन माणसं, तिकडच्या सोसायटीचे चेअरमन. फोरमनसाहेब पुढे झाले तर त्यांना "तू थांब रे," म्हणून बाजूला सारलं. गार्डसाहेब झाडाखाली डबा खात बसले होते.

"आमच्या पोराला डावललं म्हणं तुम्ही," चेअरमन म्हणाले. "आमाला नोकरीची गरज न्हाई. बापजाद्यांचं लई हाय. पर गावात मान हाय आमचा. आन् घेताय कुणाला, तर बौद्धवाड्यातल्या पोराला?"

गार्डसाहेबांनी चटणीला भाकरीचा तुकडा लावला. "वाडा मला दिसला न्हाई हो. मी पोरगं बघत हुतो."

"असं?"

"आन् तुमीच म्हंता, गरज न्हाई. मंग ज्याला गरज हाय त्याला जाऊ द्या की. बसा, भाकरी खाता का?"

चेअरमनांनी भाकरी खाल्ली नाही. जीप गेली. तिची धूळ खाली बसेपर्यंत फोरमनसाहेब लालबुंद होऊन उभे होते. त्या 'तू थांब रे'ने तीन गोल पार धुऊन गेले होते. "अब तो वोही लडका आयेगा," ते म्हणाले. "देखता मैं, कौन रोकता." झालं. अशा रीतीने अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने आमची निवड पूर्ण झाली.

पोरगं आलं. पत्र्याची ट्रंक, एक घोंगडी, आणि बोलताना खाली बघायची सवय. पहिल्या दिवशी प्रॅक्टिसला मी सहज त्याच्याकडे बॉल ढकलला. त्याने पाय उचलला, मारला, आणि बॉल मागे गेला. पुढे मारलेला बॉल मागे कसा जातो हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. आमचा गोलकीपर शेडमधला फिटर, त्याची जीभ म्हणजे गटार. तो गोल सोडून पुढे आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"पुन्ना मार," तो म्हणाला.

पोराने मारला. या वेळी बॉल जागेवरच राहिला आणि पोरगं पडलं.

उठून त्याने अंगाची माती झटकली आणि सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं. "भाऊसाहेब, मला खेळता येत नाय. त्या दिवशी टीममधल्या एकाला ताप आलता. सरांनी मला लायब्ररीतनं उठवून नेलं. म्हणाले, तू फक्त उजव्या कोपऱ्यात उभा राहा, हलू नको आन् बॉल आला तर मधी पडू नको. मी तसं केलं. साहेबांना सांगत हुतो, पर त्यांनी ऐकूनच घेतलं नाय."

"अरे पण मग आलास कशाला?" मी ओरडलो.

तो बुटाच्या सुतळीची गाठ आवळत म्हणाला, "वडील गवंडीकाम करायचे. बांधकामावरनं पडले, आता कंबरेखालचं हलत नाय. आई मजुरीला जाती. पत्र आलं तवा आईनं ते गल्लीत समद्यांकडनं वाचून घेतलं, परत परत. तिला कसं सांगू, हे चुकून आलंय म्हणून? तुमी म्हणाल तर उद्याच्या एसटीनं परत जातो."

मला गार्डसाहेबांचा इतका संताप आला होता की ते समोर असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. एका माणसाच्या खुळाने या पोराच्या आईच्या तोंडाशी घास आणला आणि आता तो काढून घ्यायचं काम आमच्यावर आलं. गोलकीपरने गार्डसाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग त्या सेंटर फॉरवर्डच्या मोटारसायकलचा, मग शिरूर गावाचा. दम लागल्यावर पोराला म्हणाला, "जेवलास का?"

"नाय."

"मंग आधी जेव. एसटी कुठं पळून चालली न्हाई."

पोरगं त्याच्याच घरी जेवलं आणि तिथंच राहिलं. एसटीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पण ही काही सुटका नव्हती. नेमणूक तात्पुरती होती. पावसाळा संपला की वरचे एक स्पोर्ट्सचे साहेब येऊन मॅच बघणार, पोरगा खेळाडू आहे असं त्यांना दिसलं तर नोकरी कायम, नाही तर जागा परत आणि पोरगं शिरूरला. गार्डसाहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता. ज्या माणसाला चार गोल दिसत नाहीत त्याला हे काय दिसणार? मग आम्ही रोज सकाळी ड्यूटीआधी त्याला शिकवायला लागलो. मी शिकवलं, फोरमनसाहेबांनी शिकवलं, गोलकीपरने शिव्या देऊन शिकवलं. पोरगं एका शब्दाने कुरकुरलं नाही. नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, अंगठ्याचं नख गेलं. पण बॉल काही सरळ जाईना. मला वाटतं, बॉलला कुठं लागेल अशा भीतीनेच तो पाय लावायचा. आणि वर गार्डसाहेब कधीतरी खुर्ची घेऊन यायचे, मागे बसून मान डोलवायचे आणि मला म्हणायचे, "भाऊसाहेब, लई शिकवू नका. बिघडवाल त्याला."

साहेबांच्या मॅचच्या आदल्या दिवशी टपरीवर आमची बैठक बसली. पोरगं नव्हतं. गोलकीपर म्हणाला, "सोपं हाय. बॉल त्याच्याकडं जाऊच द्यायचा न्हाई."

"आणि आपण दहा जणांनी खेळायचं?"

"नाय तरी आजवर आपन किती जन खेळत हुतो?"

हे मात्र खरं होतं. आमच्या टीमचा बाणाच असा की ज्याच्याकडे बॉल त्याने तो मरेपर्यंत दुसऱ्याला द्यायचा नाही. डावीकडचा फॉरवर्ड तर इतकी वर्षं खेळून आमच्या बाजूच्या अर्ध्या ग्राऊंडात पाऊल टाकायचा नाही, जणू तिथं तिकीट लागतं. अशा दहा रत्नांवर आता एका पोराची भाकरी होती.

मॅच सोलापूरच्या टीमशी. साहेब छत्रीखाली बसले, शेजारी फोरमनसाहेब. बॉल उजवीकडे वळायला लागला की फोरमनसाहेब साहेबांना सोडा द्यायचे, नाही तर गोव्यातल्या एखाद्या जुन्या मॅचची हकीकत अशी सांगायचे की साहेबांना त्यांच्याकडे बघावंच लागायचं. गार्डसाहेब नेहमीसारखे गोलमागे. आणि ग्राऊंडवर जे चाललं होतं ते मी खेळत नसतो तर माझाही विश्वास बसला नसता. डावीकडचा तो फॉरवर्ड धापा टाकत मागे येऊन बॉल काढून नेत होता. लोक एकमेकांना पास देत होते! एकाने दुसऱ्याला "घे रे, तू मार," म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. सोलापूरवाल्यांनी उजवी बाजू मोकळी बघून तिकडे जोर लावला, तर पोराच्या पुढे तीन-तीन जण. मी तर माझी जागा सोडून पोराच्या पुढ्यातच ठाण मांडलं होतं. गुडघ्यातून कळा येत होत्या. मनात एकच धाक, एकदा जरी बॉल याच्या पायाशी आला तर साहेब उठणार आणि संपलं. ती आई पुन्हा कुणाकडून काय वाचून घेणार?

मॅच संपत आली तरी गोल नाही. आम्ही हरत नव्हतो, हे बघून प्रेक्षकांतले काही जण घाबरून घरी गेले असतील. आणि तेवढ्यात घात झाला. गोलकीपर पुढे धावला आणि परतीच्या पावसाने झालेल्या निसरड्यावर सपशेल पडला. त्याच्या अंगावरून बॉल सुटला आणि हळूहळू आमच्या रिकाम्या गोलकडे निघाला. मी लांब, बाकीचे त्याहून लांब. गोलपाशी फक्त ते पोरगं. तिकडे छत्रीखाली साहेब उठून उभे राहिले.

पोरगं बॉलकडे बघत होतं. मी जीव तोडून ओरडलो, "मार!"

त्याने मारला. डोळे मिटून, सगळ्या अंगानिशी, गेल्या चार महिन्यांत आम्ही शिकवलेलं काहीही न पाळता मारला. बॉल उडाला. माझ्या डोक्यावरून, सगळ्यांच्या डोक्यावरून, कुंपणावरून, आणि यार्डात मनमाडकडे नुकत्याच हललेल्या मालगाडीच्या एका कोळशाच्या उघड्या डब्यात पडला. बावीस खेळाडू, रेफरी, साहेब, सगळे त्या गाडीकडे बघत होते आणि आमचा एकुलता एक बॉल मनमाडला चालला होता. दुसरा बॉल कुणाकडेच नव्हता. रेफरीने घड्याळ बघितलं, खांदे उडवले आणि शिट्टी वाजवून मॅच संपवली.

साहेब म्हणाले, "पायात जोर आहे हो पोराच्या! कायम करून टाका."

मग काय विचारता! गोलकीपरने चिखलाच्या अंगानेच पोराला उचललं. फोरमनसाहेब सोड्याची बाटली हातात घेऊन नाचले. नाचणाऱ्या माणसावर गार्डसाहेबांचं काय मत होतं हे ते साफ विसरले होते.

पण पोरगं हसत नव्हतं. ते खाली उतरलं आणि थेट गार्डसाहेबांकडे गेलं. साहेब हाकेच्या अंतरावर चहा पीत उभे. मी लंगडत मागे धावलो, पण तोवर त्याने बोलायला सुरुवात केली होती.

"साहेब, मला खोटं बोलून नोकरी नको. मला खेळता येत नाय. शिरूरलाबी येत नव्हतं. आज ह्या समद्यांनी मिळून मला झाकलं. बॉल गेला तो चुकून गेला."

गार्डसाहेबांनी खुर्चीची घडी घालता घालता हात थांबवला. चेहरा असा तांबडा झाला की मला वाटलं, आता ओरडणार आणि साहेबांना सगळं ऐकू जाणार. ओरडलेच ते.

"खेळता येत न्हाई? हे ठरवनारा तू कोन? सिलेक्शन कमिटीत तू हाईस का मी?"

"पर साहेब..."

"गप! म्हनं खेळता येत न्हाई! जा, आईला पत्र टाक आधी, कायम झालो म्हनून. बिचारी वाट बघत असंल."

पोरगं तिथंच खाली बसलं आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागलं. इतके महिने ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या मोजल्या, त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं मला त्या क्षणी अगदी खरोखर वाटलं. मी तसा पुढेही झालो.

गार्डसाहेब माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, आज सबंध मॅच मी तुमच्याकडंच बघत हुतो. लई बेशिस्त खेळता तुम्ही. आपली जागा सोडून सारखं ह्या पोराच्या जागेत शिरायचं! पुढच्या मॅचपासून तुम्ही टीममधी न्हाई."

आणि खरंच काढलं त्यांनी मला.